द्वारकेची आगबोट आणि मारुतीच्या शेतातलं तास

द्वारकेला आगबोटीनं जायचं ठरलं की लोक अजून माझ्याकडं येतात. वलगावहून येतात, भातकुलीहून येतात, एकदा तर मोर्शीकडचं एक अख्खं बिऱ्हाड गाडी जुंपून आलं. मी ओसरीवर बसतो, पान लावतो आणि सांगू लागतो. बोटीच्या पुढच्या टोकाला बसू नका, तिथं वारा छान लागतो म्हणून जे धावतात ते सगळ्यात आधी ओकतात. धुराड्याच्या मागंही नको, काजळी डोक्यात पडते. अगदी मधोमध, इंजिनाच्या कोमट भिंतीला पाठ लावून जागा धरा. गोड पाणी दिवसातून एकदाच वाटतात, तेव्हा भांडं मोठं आणि अरुंद तोंडाचं न्या, नाहीतर निम्मं तुमच्याच अंगावर सांडेल. भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. कप्तानाला मुजरा केला नाही तरी चालेल, पण भंडाऱ्याशी पहिल्या दिवशीच गोड बोला. आणि काही झालं तरी कागद पागोट्यात खोचू नका.

मी हे असं सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस जन्मानं खलाशी. खरं म्हणजे यातलं माझं काहीच नाही. निम्मं माझ्या आत्यानं शोधून काढलेलं, निम्मं अकोल्याच्या एका रंगाऱ्यानं सांगितलेलं. माझी स्वतःची, भोगून मिळवलेली अशी एकच माहिती आहे, आणि ती कोणी विचारत नाही: बोटीतून उतरल्यावर काय होतं. त्या एका गोष्टीपायी माझी अब्रू आणि गळ्यातली तुळशीची माळ, दोन्ही जायची वेळ आली होती.

ते कापसाचे दिवस होते. साता समुद्रापलीकडं कुठल्याशा मुलखात लढाई लागली होती म्हणे, तिकडचा कापूस निघेना, आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या काळ्या मातीकडं डोळे लावून बसल्या होत्या. लढाई कोणाची आणि कशासाठी, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. अमरावतीच्या बाजारात शिरायला गाड्यांची रांग गावाबाहेरपर्यंत लागते, एवढं मात्र दिसत होतं. माझ्या चुलतभावानं बैलांच्या शिंगांवरच्या पितळी शेंब्या काढून चांदीच्या बसवल्या. मी त्याला हसलो. महिन्याभरानं मीही बसवल्या.

आत्यानं त्या शेंब्या पाहिल्या आणि म्हणाली, "बैलायले चांदी आली. मले काय?"

"काय पाह्यजे तुले?"

"मले द्वारका दाखव."

ही माझ्या वडिलांची बहीण. तरुणपणीच नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. माझी आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तेव्हा पन्नाशीची असेल. काटक, तोंडाची फटकळ, आणि एकदा म्हटलं की म्हटलं. मी म्हणालो, द्वारकेच्या वाटेवर समुद्र आहे. ती म्हणाली, "मंग? ओलांडाचा थोडीच हाय. काठाकाठानं जाते आगबोट. म्या सारं इचारून ठेवलं." कोणाला विचारलं होतं, देव जाणे. आमच्या गावात तोवर नाल्याच्या पुरापेक्षा जास्त पाणी कोणी पाहिलं नव्हतं.

माझी एक अडचण होती. आमच्या गावात मारुतीच्या नावाचं एक शेत आहे, रस्त्याला लागूनच. मृगाच्या आधी, रोहिण्यांत, पावसाचा थेंब नसताना कोरड्या मातीत कापूस पेरायचा, याला आम्ही धूळपेरणी म्हणतो. गावातली पहिली धूळपेरणी मारुतीच्या शेतात, आणि ती कोणी करायची हे पंच ठरवत. ज्याचं तास सरळ, म्हणजे पेरणीची ओळ सरळ, त्याला मान. येणारा-जाणारा त्या ओळी बघून गावाला नाव ठेवायचा किंवा नावाजायचा. पूर्वी तो मान चुलतभावाकडं होता. तीन वर्षांपासून माझ्याकडं होता. मला गाता येत नव्हतं, चारचौघांत बोलता येत नव्हतं, पण बैलांच्या मधून समोरच्या बाभळीवर नजर लावून मी वखर हाकला की त्या ओळीवर दोरी धरून बघावी. मला जगात तेवढंच येत होतं, आणि त्याचा मला गर्व होता. कशाला खोटं बोलू?

"रोहिण्यांच्या आत परत यायचं," मी आत्याला बजावलं. चैत्रात आम्ही निघालो.

बोटीत चढेपर्यंत तीन कागद झाले. आम्ही कोण, कुठले, हे सांगणारा पाटलाच्या सहीचा दाखला. द्वारकेच्या पंड्यासाठी चिठ्ठी. आणि मुंबईच्या बंदरात मिळालेली बोटीची चिठ्ठी. तिन्ही मी पागोट्यात खोचले. आमच्याकडं गडीमाणसाचा मोलाचा कागद पागोट्यातच असतो. तिथं चोराचा हात पोचत नाही, घाम लागला तरी शाई पसरत नाही, आणि कचेरीत मान झुकवून कागद काढला की कारकुनालाही बरं वाटतं. माझ्या बापानं तसंच केलं, त्याच्या बापानंही.

बंदरावर अकोल्याचा तो रंगारी भेटला. साठीचा मुसलमान, दाढीला मेंदी, एकदा हजला जाऊन आलेला, आता रंगाच्या कामासाठी पोरबंदरला निघालेला. आमचं बोलणं कानावर पडलं तसा आपलं बोचकं उचलून आमच्याजवळ आला. आत्यानं त्याला पाच मिनिटांत भाऊ करून टाकलं. "बाई, पेट खाली ठेवू नका," तो सांगू लागला. "दोन-दोन घास खात राहा. अन् खाली पाण्याकडं पाहू नका, दूर आसमान टेकते ना, थ्या किनाऱ्याकडं पाहा." आत्या एकेक गोष्ट मनात ठेवत होती. मी ऐकत नव्हतो. मी म्हटलं, ज्यानं उभा जन्म मोकाट गोऱ्हे वठणीवर आणले त्याला एक बोट काय करणार?

बोटीनं धक्का सोडला आणि तासाभरात मी आडवा झालो.

आत्या मात्र अशी हिंडत होती की बोट तिच्या सासऱ्याची. तिनं जवसाच्या चटणीचा डबा काढला आणि थेट भंडाऱ्याकडं गेली. तो कच्छी होता, तिचं बोलणं त्याला कळत नव्हतं, त्याचं तिला. त्यानं चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी मागितली. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ आमच्यासाठी लोटाभर ऊन पाणी बाजूला राहू लागलं. उन्हं चढली की एक खलाशी येऊन आमच्या डोक्यावर जुन्या शिडाचा तुकडा बांधून जायचा. शेजारचे विचारायचे, तुम्ही याचे जास्त पैसे भरले काय? आत्या नुसती हसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कठड्याला धरून समुद्राला भाकर परत करत असताना वारा आला आणि पागोटं गेलं. पाण्यावर ते थोडा वेळ तरंगलं, मग दिसेनासं झालं. मी कठड्याला धरून ओरडू लागलो. कागद गेले! आता काठेवाडच्या बंदरावर आम्हाला उतरवून कोण घेणार, परतीचं काय, हे सगळं एकदम डोक्यात आलं आणि मला रडू कोसळलं. पंचवीस वर्षांचा घोडा, सगळ्या बोटीसमोर रडलो.

"बोंबलू नको," आत्या म्हणाली. "कागद माह्या कमरेले हायेत."

"कधी काढले?"

"मुंबईच्या बंदरावर. तू आगबोटीकडं तोंड वासून पाहून राहिला होता, तवा."

तिनं ते मेणकापडात गुंडाळून बटव्यात घातले होते आणि बटवा लुगड्याच्या आत कमरेला बांधला होता. रंगाऱ्यानं दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "पागोटं दरियाले नजराणा झालं म्हना." पोरबंदरला तो उतरून गेला. पुढं तो मला कधी भेटला नाही.

द्वारकेचं मी फार सांगत नाही, ते ज्याचं त्यानं पाहावं. आत्यानं दंडावर तापलेल्या मुद्रेची छाप घेतली. कातडी करपली तरी तिनं हूं की चूं केलं नाही, आणि देवासमोर उभी राहिल्यावर मात्र ढसाढसा रडली. मी तिला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला तेव्हा वाटलं, बैलांच्या शिंगांवर जे खर्च केलं ते वाया गेलं, आणि इथं जे केलं तेवढंच खरं.

परतीला घात झाला. बोटीचं यंत्र बिघडलं आणि आम्ही भर समुद्रात दोन दिवस नुसते डोलत राहिलो. पुढं न मागं, नुसतं इकडून तिकडं. मला आता ओकारी येत नव्हती. माझं अंग त्या डोलण्याला सरावलं होतं. मी खूश होतो. उभ्यानं भाकर खात होतो. हेच पुढं नडणार आहे हे मला काय माहीत.

मुंबईला उतरलो तर धक्का हलत होता. मी मनात म्हटलं, मुंबईची जमीन समुद्रात भर घालून केलेली आहे असं ऐकतो, म्हणून हलत असेल. आगगाडीत बसलो तर एकदम बरं वाटलं. आगगाडी तेव्हा आमच्यापर्यंत आलेली नव्हती. ती संपली तिथून पुढं बैलगाडी केली, आणि बैलगाडीतही मी झकास होतो. गावात आलो. गाडीतून खाली पाय ठेवला, आणि ज्या अंगणात मी रांगलो ते अंगण माझ्या पायाखालून डावीकडं निघालं.

बायको दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. मी झोकांडी खाल्ली आणि चौकट धरली. तिनं भाकरतुकडा ओवाळला, तो ओवाळताना अगदी जवळ आली आणि हळूच माझं तोंड हुंगलं. तुकडा बाहेर टाकून आत गेली. पण मी ते हुंगणं पाहिलं होतं, आणि ते मला कोणाच्या शिवीपेक्षा जास्त लागलं. मी माळकरी माणूस. आमच्या घरात तीन पिढ्यांत दारूचा वास आलेला नव्हता.

चुलतभाऊ संध्याकाळी तीर्थ घ्यायला आला आणि माझी चाल बघून गेला. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला ठाऊक झालं की हा आगबोटीवरून झिंगून आला आहे, आणि अजून बाटली संपलेली नाही. "बोटीवर गोरे खलाशी असतेत," तो पारावर सांगत होता म्हणे. "पाण्यासारखी दारू. कोण पाह्यते तिथं?"

आत्या पदर खोचून त्याच्या दारात गेली. तिनं त्याला सांगितलं की बोटीचं डोलणं याच्या अंगात राहिलं आहे. चुलतभावानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत्या, तू बी थ्याच बोटीत होती ना? मंग तू काहून सरळ चालते?"

आत्या आली तशी माघारी फिरली. ती घरी येऊन भांडी आपटत बसली. बोटीची चिठ्ठी दाखवता येते, दंडावरची छाप दाखवता येते, पण अंगातल्या लाटेचा दाखला कोणत्या पाटलाची सही घेऊन आणायचा?

पंचांनी बोलावलं. मारुतीच्या पारावर मी उभा राहिलो आणि उभ्या उभ्याच हललो. कोणीतरी फिसकन हसलं. पाटील म्हातारा आणि शहाणा माणूस होता. तो म्हणाला, "दोन दिवसांनं रोहिण्या निघतेत. तुहं अंग ठीक नसंन तर यंदा भावाले पेरू दे. पुढच्या साली पाहू." त्यानं मला वाट काढून दिली होती. मी ती घ्यायला हवी होती. पण चुलतभावाच्या मिशा हलताना मला दिसल्या आणि माझं डोकं फिरलं. मी गळ्यातली माळ हातात धरून म्हणालो, "मीच पेरीन. तास वाकडं गेलं तर म्या दारू पेलो समजा. माळ काढून मारुतीपुढं ठेवीन, अन् पुन्हा थ्या शेतात पाय टाकणार नाई."

पाटलानं कपाळाला हात लावला. आत्या मागून म्हणाली, "मूर्खा." ते सगळ्यांना ऐकू गेलं.

घरी आल्यावर अंथरुणावर पडलो. डोळे मिटले की बोट, उघडले की बोट. भातकुलीच्या वैद्याकडं जावं म्हणून सकाळी गाडी जुंपली. वाटेत इतकं बरं वाटलं की वैद्याला काय सांगावं हा प्रश्न पडला. त्याच्या दारात उतरलो आणि त्याच्याच अंगावर गेलो. त्यानंही आधी तोंड हुंगलं. मग एक पुडी दिली आणि गोड खाऊ नको म्हणाला. परत येताना बैल पाणी प्यायला थांबले तेव्हा माझ्या ध्यानात आलं. गाडी थांबली की जमीन चालू होते, गाडी चालू झाली की जमीन थांबते. दोनदा मुद्दाम थांबवून पाहिलं. तसंच. माझ्या अंगाला डोलायची सवय लागली होती; ते डोलणं बाहेरून मिळालं की आतलं बंद व्हायचं.

पण गाडीत बसून पेरणी होत नाही. आमच्याकडं कापूस पेरताना वखराच्या मागं दोन सरती बांधतात. सरतं म्हणजे बांबूची पोकळ नळी, वर लाकडी वाटी. एकेका सरत्यामागं एकेक बाई चालते, ओटीतली सरकी वाटीत सोडत. वखर हाकणारा शेजारून पायी चालतो. दुपारी मी बायकोला घेऊन आमच्या घरच्या शेतात गेलो, एक सरतं बांधलं आणि पायी चाललो. मागं वळून पाहिलं तर बैल मुतल्यासारखं तास. पुन्हा केलं, तर आणखी वाईट. बायको सरतं धरून उभी होती. मला इतका राग आला, स्वतःचा, चुलतभावाचा, सगळ्या समुद्राचा, की मी कासरा हिसडला आणि वखरावरच चढून उभा राहिलो, जसे आम्ही ढेकळं फोडताना वजनासाठी उभे राहतो. बैल चालले. वखर ढेकळांवरून खाली-वर होऊ लागला. आणि समोरची बाभूळ, जी चार दिवसांपासून इकडंतिकडं फिरत होती, ती जागेवर उभी राहिली.

मी शेताच्या टोकाला, धुऱ्यापर्यंत गेलो आणि मागं पाहिलं. तास सरळ होतं.

मी ओरडलो नाही, उडी मारली नाही. मी वखरावर उभाच राहिलो, कारण उतरलो असतो तर पडलो असतो. बायको मात्र खाली बसून मातीत बोटं घालत होती. "चार बोटं खाली गेली सरकी," ती म्हणाली. "तुमच्या वजनानं. उगवाची नाई."

तेही खरं होतं. सरळ ओळीत मेलेली सरकी पेरून काय उपयोग? तिनं उठून सरतं हातभर वर उचलून पाहिलं. "मी उचलून धरीन सरतं. वखर खोल गेला तरी सरकी वरच पडंन."

"सारं शेत? हात तुटून पडतीन तुहे."

"तुमी तुमचं पाहा." मग माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "म्या तुमचं तोंड हुंगलं होतं."

"माहीत हाय मले."

"चुकली मी. आता डोयानं पाह्यलं ना, लाटच हाय थे."

त्या एका वाक्यानं माझं निम्मं दुखणं गेलं. उरलेलं निम्मं उद्या मारुतीसमोर जायचं होतं.

सकाळी सगळं गाव धुऱ्यावर बसलं होतं. वलगावचे दोघे-चौघेही आले होते. अशा बातम्यांना पाय असतात. सरकीला शेणमाती चोळून ठेवली होती, बैलांना हळद लावली होती. माझी बायको एका सरत्याशी उभी राहिली. दुसरं सरतं दरवर्षी चुलतभावाची बायको धरायची. ती आली नाही. त्यानंच तिला येऊ दिलं नव्हतं. तिचं पोट दुखतं म्हणून सांगितलं. एका सरत्यानं मारुतीचं शेत पेरत नाहीत. लोक एकमेकांकडं पाहू लागले.

आत्या उठली. तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला, दंडावरची छाप दिसेल अशी बाही वर ओढली आणि म्हणाली, "द्या इकडं थे सरतं. द्वारकेहून आली मी, आता मारुती काय मले नाई म्हणते?" विधवेनं पहिल्या पेरणीला हात लावावा की नाही, यावर एरवी तासभर वाद झाला असता. त्या दिवशी कोणी तोंड उघडलं नाही. बायकोनं तिच्या कानात दोन शब्द सांगितले, आणि आत्यानंही सरतं वर उचलून धरलं.

मी वखरावर चढलो. चुलतभाऊ लगेच म्हणाला, "वखरावर उभं राहून कोणी पेरते काय? हे काय नवीन काढलं?"

पाटील काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तो म्हणाला, "पंच तास पाह्यतेत, बापा. पाय नाई पाहत."

मी बैलांना हाक दिली. पहिली दहा पावलं जमीन हलली. मग वखरानं ढेकळांवर ताल धरला, आणि सगळं जागेवर बसलं. समोर बाभूळ, मध्ये दोन बैलांची वशिंडं. मी काही केलं नाही. मी नुसता डोलत राहिलो आणि बैल सरळ गेले. मागून आत्याचा आवाज येत होता, ती देवाचं नाव घेत होती आणि मध्येच सरकीला शिव्या देत होती. बायकोचा आवाज येत नव्हता. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. टोकाला पोचून बैल वळवले तेव्हा मी मागं पाहिलं. दोन ओळी, शेताच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, जशा काही सुतारानं दोरीनं आखल्या. धुऱ्यावरचे लोक उठून उभे राहिले होते. वलगावचा एक जण तासाच्या तोंडाशी उकिडवा बसून एक डोळा मिटून बघत होता. त्यानं मान हलवली.

तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं. मी थांबलो नाही. मी सगळं शेत पेरलं. पहिलं तास नशिबानं सरळ येतं, दुसरं येतं. मला नशीब नको होतं. ऊन डोक्यावर आलं तरी दोघींनी सरती खाली टेकवली नाहीत. मला आयुष्यात इतकं मोठं कधी वाटलं नव्हतं, आणि पुढंही कधी वाटलं नाही.

पुढं पाऊस झाला आणि सरकी उगवली. दाणा खोल गेलेला नव्हता. एक ओळ विरळ नव्हती, की एक वाकडी नव्हती. दिवाळीनंतर चुलतभाऊ आमच्या ओसरीवर येऊन बसला, बराच वेळ पीकपाण्याचं बोलला, आणि शेवटी खाली मान घालून त्यानं विचारलं, बायको द्वारकेचा हट्ट धरून बसली आहे, बोटीत जागा कुठं धरावी? मी त्याला सगळं सांगितलं. माझी ती पहिली शिकवणी. पण हे नंतरचं झालं.

त्या दुपारी शेवटचं तास संपलं. पाटील पुढं आला. त्यानं सगळ्या गावासमोर माझ्या गळ्यातली माळ दोन बोटांनी उचलली, नीट छातीवर सोडली आणि म्हणाला, "राहू दे हिथंच." मी वखरावरून खाली पाय ठेवला, आणि जमिनीनं मला असं फेकलं की मी बैलांच्या पायाशी तोंडावर पडलो.

कोणी हसलं नाही. चुलतभावाकडं मी पाहिलंच नाही. पाटील म्हणाला, "पड बापा, आता खुशाल पड."

आमच्या काळात बायको चारचौघांत नवऱ्याच्या अंगाला हात लावत नसे. घरातसुद्धा वडीलधाऱ्यांपुढं नाही. माझी बायको सरतं टाकून आली. सकाळपासून सरतं उचलून धरून तिच्या हातांची बोटं मिटत नव्हती. तिनं त्याच हातांनी मला काखेत धरून उठवलं, माझा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला, आणि सगळं गाव बघत असताना मला घेऊन घराकडं निघाली. माझे पाय इकडं पडत होते, माझ्या वजनानं तिचे तिकडं. दोघंही झिंगल्यासारखे रस्ताभर झोकांड्या खात गेलो, आणि त्या रस्त्यावर आमचं तोंड हुंगायला कोणी पुढं आलं नाही.